पेन्शनच्या फोनवरची बाई

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. गावाला जाऊन आलं, की चपलेच्या मातीबरोबर ते आपोआप आत येतात. दुपारी डबे उघडले, की कुणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितीय का?" आणि भाजी गार होते!

आम्ही तिघंच. टीम बघणारे आनंदसर, सॉफ्टवेअर लिहिणारी प्रणाली आणि लोकांना ते वापरायला जमतंय का, हे गावोगाव फिरून बघणारी मी. पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना 'मी जिवंत आहे' एवढं सांगायला दरवर्षी तालुक्याला खेटे घालावे लागतात. ते काम घरबसल्या फोनवर व्हावं, म्हणून आमचा खटाटोप. फोन येणार, रेकॉर्ड केलेली बाई विचारणार, आजी-आजोबांनी उत्तर द्यायचं. आम्हाला वाटलं, किती सोपं!

*

पहिली चाचणी कोल्हापूरकडच्या मलकापूरजवळच्या एका वाडीत. रेकॉर्डिंग एकदम बातम्यांसारखं. "कृपया आपली ओळख प्रस्थापित करा."

फोन कानाला लागताच तिथले पेन्शनवाले तात्या कॉटवरून उठले, टोपी सारखी केली आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. गुडघे कुरकुरत होते, पण उभेच!

"तात्या, बसून बोला की."

फोनवर हात ठेवून ते कुजबुजले, "गप बस पोरी. मोठ्या मॅडम हायत!"

दुसऱ्या दिवशी आनंदसर म्हणाले, "हा आवाज बदलायचा. आपल्यातलाच घेऊ." प्रणाली पुण्याची. सर बोलले की थकबाकीची नोटीस वाचल्यासारखं वाटतं. राहिले मी!

*

माझ्या आवाजातलं रेकॉर्डिंग घेऊन उचगावला हौसाकाकूंकडं गेलो.

"पुढं जायला एक दाबा," फोनमधली मी म्हणाले. फोन कट. पुन्हा लावला. पुन्हा कट.

"काकू, तुम्ही काय दाबताय?"

"ह्यो लाल. ठसठशीत दिसतोय की!"

"अहो, पण एक दाबायचा होता ना?"

"मग एकच दाबला की गं! दोन कुठं दाबलं?"

त्या दिवसापासून आमच्या फोनमधून बटणंच गेली. नुसतं बोलायचं.

*

बोलायचं म्हणजे मशीनला कोल्हापुरी यायला पाहिजे. प्रणालीनं शिकवलं. 'व्हय' म्हणजे हो, 'न्हाय' म्हणजे नाही. मोठ्या थाटात आम्ही शंकरआण्णांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलो.

मशीननं विचारलं, "शंकरआण्णाच बोलताय का?"

आण्णा छाती पुढं काढून म्हणाले, "न्हाय तर काय!"

"माफ करा. चुकीचा नंबर लागला."

चाचणी होती म्हणून बरं. खरा फोन असता, तर धडधाकट आण्णांची पेन्शन थांबली असती! प्रणालीचा चेहरा उतरला. आण्णांनी मात्र आधी तिच्या हातात ताकाचा तांब्या दिला आणि म्हणाले, "दमानं शिकीव तिला. नवीन हाय."

*

माझी आई गडहिंग्लजजवळ राहते. आम्ही तिला अव्वा म्हणतो. चाचणीत तिचाही नंबर होता आणि हे तिला सांगायचं मी साफ विसरले.

"नमस्कार. पारूबाई बोलताय का?"

अव्वा भडकली. "आईला नावानं हाक मारतीस व्हय गं?"

मशीन शांत. "माफ करा, कळलं नाही. पारूबाई बोलताय का?"

थोड्या वेळानं माझ्या नवऱ्याचा फोन वाजला. "जावईबापू, पोरगी बरी हाय न्हवं? आईला वळखंना झालीया!"

*

लोकांनी आम्हाला हसून, रागावून, कधी चहा पाजून असं घडवलं. पण शांताबाई कांबळेंनी जे दिलं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं. एका लहान गावात, वस्तीच्या टोकाला त्यांचं घर.

"नमस्कार, शांताबाई," मशीन म्हणालं.

"जय भीम," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मशीन सरळ पुढच्या प्रश्नाला लागलं. शांताबाईंनी फोन मांडीवर ठेवून दिला.

मी म्हटलं, "आजी, बोला की पुढं."

"काय बोलू? मी जय भीम घातला, तिनं घेतला न्हाय."

"आजी, ते मशीन आहे. त्याला कळत नाही."

"कचेरीत बी असंच. खिडकीतला माणूस मान वर करत न्हाय. त्येला कोण शिकवणार? पर हिला तर तुमीच शिकवताय न्हवं?"

प्रणालीनं लॅपटॉप मिटला. "आजी, आम्ही परत येतो," एवढंच म्हणाली.

मग आम्ही कामाला बसलो. राम राम, सलाम, जय भीम, जो ज्या शब्दानं बोलेल, त्याला त्याच शब्दानं उत्तर. एकेक शब्द मी पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केला. सर म्हणायचे, "अजून मनापासून!"

परत गेलो, तर शांताबाईंनी शेजारच्या सगळ्या बाया दारात बसवलेल्या. फोन स्पीकरवर.

"नमस्कार, शांताबाई."

"जय भीम."

"जय भीम, शांताबाई."

शांताबाईंनी पदर सावरला, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या,

"हं. बोल आता, काय काम काढलंस?"