भाकरीबरोबर कालवण

माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नये. चौथीत शाळा सुटली आणि डोक्यावर मासळीची टोपली आली, ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाच मागं राहिलं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी चुकून कुणी वाचलंच तर आधीच माफी मागून ठेवते. पण एक गोष्ट मी खात्रीनं लिहू शकते. देवाला घाई करायला लावणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच होती, आणि ती आमच्या आळीच्या टोकाला राहायची.

आळीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. बालवाडीतून रिटायर झालेल्या, ख्रिस्ती, घरात एकट्या. बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नाही. चहा उभ्यानं, भाजी चिरणं उभ्यानं आणि प्रार्थना अंगणात फेऱ्या मारत. रविवारी दुपारी आळीतली पोरं पडवीत जमवून त्या येशूच्या गोष्टी सांगत, त्याही चालत चालत, त्यामुळे पोरांच्या माना सारख्या इकडून तिकडे फिरायच्या. लहान मुलासारखं होऊन मागावं म्हणजे देव देतो, असं त्यांच्यात शिकवतात म्हणे. शिकवतात पुष्कळ जण, बाई ते धरून चालायच्या. स्वतःसाठी काही हवं असलं तरी त्या पोरांकडून मागवून घेत. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्यांची प्रार्थना जड असते, तिच्यात हिशेब असतात, पोरांची वाऱ्यावर जाते. एकदा त्यांची कोंबडी अंडी घालायची थांबली. पोरांनी हात जोडले, आणि त्या क्षणापासून बाईंना धीर निघेना. घटकेघटकेला कोंबडीला उचलून खाली बघायच्या. शेवटी ती बिचारी कंटाळून शेजारच्या गवताच्या गंजीत गेली आणि तिथं घातलं. शेजारीण अंडं द्यायला आली, तर बाई तिलाच समजावू लागल्या, “देवानं पत्ता बरोबर लिहिला होता. चुकली ती कोंबडी.”

माझी नात या वर्गाला जायची. मी दिवसभर टोपली घेऊन फिरणार, पोरीला आई नाही, मग पडवी बरी. पोरीला बाटवतील, असं दोघीतिघी माझ्या कानाशी लागल्या. मी भीतभीत बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या गणपतीपुढं बसून म्हणू दे की. ऐकणारा बहिरा नाही.” मग मी पोरीला पाठवत राहिले.

त्यांच्यात देवाकडे रोजची भाकरी मागायची एक प्रार्थना आहे. ती शिकताना माझी नात मध्येच थांबली आणि म्हणाली, नुसती भाकरी कशी खायची, कालवण पण मागूया. दुसरं कुणी असतं तर दटावलं असतं. बाई मात्र हरखल्या. इतकी वर्षं मी कोरडीच मागत होते, म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून पोरं भाकरी आणि कालवण मागू लागली, आणि मागितल्यावर मिळालं पाहिजे म्हणून बाई सकाळीच माझ्या दारात हजर. बांगडा नेत, कोळंबी नेत, पेन्शन झाली की देते म्हणत. प्रार्थना संपते न संपते तोच टोप पडवीत यायचा. पावसाळ्यात बोटी मिरकरवाड्यात बांधून पडल्या, तेव्हा मी सुकट दिली. त्याच सुमाराला एका पोरानं देवाकडे सुरमई मागितली, तर बाई आठवडाभर बेचैन होत्या. उधारी वाढत होती. मला मागायला तोंड नव्हतं आणि त्यांना थांबायचं भान नव्हतं.

मग एका रविवारी नातीनं कालवण मागितलं नाही, बाबा मागितला.

माझा मुलगा मुंबईला कंपनीत कामाला. सून गेल्यापासून तो पैसे पाठवायचा, स्वतः येत नसे. त्या साली गणपतीलाही आला नव्हता. मीही कधी ये म्हटलं नाही. नाही म्हणाला तर काय, ही भीती. पोरीच्या तोंडून ते निघालं तेव्हा बाई चालता चालता थबकल्या म्हणे. संध्याकाळी माझ्या दारात आल्या आणि मुंबईचं गाडीभाडं मागितलं.

“कालवणातच मांड,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “बाई, तो काय टोपातून वाढायचा आहे?”

“म्हणून तर जाते गो. पोरीचा देवावरचा विश्वास माझ्या पडवीत मोडायला नको.”

त्या परत आल्या त्या एकट्याच, पायातल्या बुटाचा तळ सुटलेला. नातीला म्हणाल्या, निरोप पोचला. पुढं महिने गेले. एसटीचा हॉर्न वाजला की पोर दाराशी धावे, बाई फाटकाशी येत, आणि मी चुलीपुढं बसून दोघींची काळजी करी. शिमग्याला सगळे चाकरमानी उतरले, आणि त्यांत माझा मुलगा होता. नातीला काडीचंही नवल वाटलं नाही. “आजी, भाकरी जास्त थाप,” एवढंच म्हणाली.

जेवताना तो मला सांगू लागला. एक म्हातारी दोन दिवस कंपनीच्या गेटवर उभी होती. स्टूल दिलं तर बसेना, उपदेश करीना. इतकंच म्हणाली, “तुझ्या पोरीनं देवाकडं मागितलंय, आणि देव माझ्याकडं बघतोय. मला तोंडघशी पाडू नकोस.” आता तो दर महिन्याला येतो.

यंदा बाईंची नजर गेली. भाचा त्यांना वसईला न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी त्या हातानं कुंपण चाचपत माझ्याकडे आल्या. उधारी फेडायला कोंबड्या विकल्या होत्या. बांगडे, कोळंबी, सुकट, गाडीभाडं, सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाकडे थोडं राहू देतात, बाकी असली की माणूस परत दारात येतं. मी म्हटलं, “बाई, दहा रुपये राहू द्या.”

त्यांना कळलं. हसल्या. “मी परत यावं असं वाटत असेल तर नातीला मागायला सांग. त्याला उधारी कशाला?”

आणि दहाची नोट चाचपून माझ्या तळव्यावर ठेवली. पैसे सगळे फिटले, आणि बाई माझ्या उंबऱ्यावर खाली बसल्या.