एकाच गालाचं बाळसं

डोंबिवलीत कुणाचं लग्न कुठे अडलंय हे जाणून घ्यायचं असेल, तर दात दुखायची वाट पाहावी आणि डॉक्टर सरोजबाईंच्या खुर्चीत जाऊन पडावं. तोंडात आरसा घालून बाई अशा चौकशा करतात की पेशंटला फक्त 'आँ आँ' करता येतं. त्यातूनही त्यांना हवं ते कळतं!

एकदा टिटवाळ्याच्या रंगूबाई नातीला, संचिताला घेऊन आल्या. पोर बारा वर्षांची, उजवा गाल नाकाशेजारी टम्म. ठाण्याचा सर्जन मुकुल, सरोजबाईंचाच जुना विद्यार्थी, म्हणाला होता की गाठ महिन्याभरात एवढी वाढली असेल तर लक्षण बरं नाही. जबड्याचा तुकडा काढावा लागेल.

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. हाडात सुळा अडकलेला, भोवती काळी पोकळी, तीत रव्यासारखे पांढरे कण. बाईंनी चक्क चौकश्या थांबवून तो दोनदा न्याहाळला. असं डोंबिवलीनं कधी पाहिलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "घरात अलीकडे लग्न कुणाचं झालं?"

"आता लग्नाचं काय मधीच, डॉक्टरीणबाई?"

"फोटो दाखवा हो. नवरी बघते."

संचितानं मोबाइल दिला. बाईंनी नवरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकाचं लग्न, त्याआधीचे गणपती, त्याच्याही आधीचं कुणाचं तरी बारसं. प्रत्येक फोटोत कडेला संचिता, आणि मागे मागे जावं तसा तिचा उजवा गाल कमी कमी फुगलेला.

"आजी, हे तर दीड-दोन वर्षांचं आहे! महिना कुठून काढलात?"

रंगूबाई ओशाळल्या. "काडी होती ओ पोर. मला वाटलं, बाळसं धरतेय. मी तर दृष्ट काढायचे."

"एकाच गालाची?"

संचिता खुदकन हसली.

बाईंनी तिथूनच मुकुलला फोन लावला. "अरे, आजीनं महिना मोजलाय तो बाळशाचं कौतुक संपल्यापासून! गाठ सावकाश वाढलीय. आधी गाठीचा बारीकसा तुकडा तपासायला पाठव. मला ही क्वचित दिसणारी, पण निरुपद्रवी गाठ वाटतेय, सोलून निघणारी."

"मॅडम, ते फोटो मलाही पाठवा," मुकुल म्हणाला.

रिपोर्ट आला. बाईंचा अंदाज अचूक होता. नाव मात्र 'अ‍ॅडिनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर'. शेजारणींना सांगायचा नाद रंगूबाईंनी पहिल्याच शब्दाला सोडला. गाठ सुळ्यासकट अलगद निघाली, जबडा शाबूत राहिला.

सूज उतरल्यावर आजी-नात पुन्हा आल्या. दोन्ही गाल सारखे. रंगूबाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पोर परत सुकली ओ!"

"सुकू दे. हिच्या लग्नात मात्र मी नवरीच बघणार, दोन्ही बाजूंनी."