बाईंच्या वेलीचा नकाशा

मीटरवाले निवृत्त होऊन घरी बसले ते नुसते बसले नाहीत, सगळ्यांच्या डोक्यावर बसले. एकतीस वर्षं पाण्याची मीटरं वाचत ज्या माणसाने रोज दीडशे फाटकं उघडली, त्याला एकदम एकच फाटक उरलं तर तो करणार तरी काय? जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, बंद पडलेलं घड्याळ उघडायचं, आणि काहीच सुचलं नाही की बायकोच्या शिवणवर्गात जाऊन मशीनला तेल घालायचं. बायकोला सगळी वस्ती 'बाई' म्हणायची. पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा आणि तिथे नवऱ्याची लुडबुड त्यांना मुळीच खपत नसे. शेवटी त्यांनीच भाचीला फोन लावला. "तुझ्या मामांना काहीतरी चालायचं काम दे गं. नाहीतर एक दिवस मी त्यांना टाचणीने भिंतीला लावून ठेवीन."

भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बाहेरून आलेली काही झाडं-वेली इथे इतकी माजली होती, की इथल्या झाडांच्या मुळावर उठली होती. ती नेमकी कुठे कुठे आहेत, याचा नकाशा ती साध्यासुध्या लोकांकडून करून घेत होती. मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं, फोटो काढायचा, जागेची खूण आपोआप पडते, खाली शेरा लिहायचा. यंदा शोधायची होती एकच, पिवळ्या कर्ण्यासारख्या फुलांची वेल. दिसायला देखणी, पण एकदा झाडावर चढली की त्याचा श्वास कोंडूनच थांबायची. ओढ्याकाठची निम्मी झाडं तिने गिळली होती. पाच आठवड्यांत तिच्या शेंगा फुटणार आणि बी वाऱ्यावर उडणार. त्याआधी सगळ्या वेली मुळासकट निघायला हव्या होत्या. एखादी मोठी राहून गेली तर पुढच्या वर्षी ये रे माझ्या मागल्या.

मीटरवाल्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. कॉलेजची पोरं अनोळखी फाटकांबाहेर घुटमळायची, कुत्रं भुंकलं की पुढच्या घराला जायची. यांना मात्र प्रत्येक कुत्रं नावानिशी ठाऊक. "मीटरवाले, आमचं जुनं मीटर तर कधीच काढून नेलं की," असं कोणी म्हणालं, की हे म्हणायचे, "मीटर नकोय, तुमची वेल दाखवा." अठरा दिवसांत त्रेसष्ट जागा झाल्या. प्रत्येकीखाली शेरा, तोही मीटरच्या थाटात: 'मागील भिंत, उंची दोन मजले, फुले चालू.'

शनिवारी भाचीने त्यांना कॉलेजात बोलावलं आणि मोठ्या पडद्यावर नकाशा लावला. वस्तीभर लाल ठिपक्यांची रांगोळीच पडली होती. मीटरवाल्यांची छाती दोन इंच फुगली. पण नकाशाच्या मधोमध एक जागा कोरी होती.

"मामा, हे तुमचं घर," भाची म्हणाली. "आणि तुमच्या पुढच्या खिडकीवर मी लहान असल्यापासून जी वेल बघतेय, ती कुठली?"

मीटरवाले गडबडले. "स्वतःच्या घराचं मीटर स्वतः वाचायचं नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम होता. आमचं रीडिंग घ्यायला दुसऱ्या वॉर्डातला माणूस यायचा."

खोटं बोलत नव्हते हो. सवय म्हणजे सवय. रोज त्याच वेलीखालून बाहेर पडायचे आणि फोन निघायचा तो शेजारच्या फाटकाशी. पण नियम खरा तशी धास्तीही खरी होती, आणि भाचीने नुसतं बघितल्यावर ती बाहेर आली. बाईंकडे शिवण पूर्ण शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला निरोपाच्या दिवशी एक डबा मिळायचा. डब्यात त्याच वेलीची मूळ फुटलेली फांदी. तीस वर्षं हा रिवाज चालला होता. वस्तीत त्या फुलांना दुसरं नावच नव्हतं, 'बाईंची वेल' एवढंच.

"तिने आशीर्वाद म्हणून दिलंय गं ते," मीटरवाले म्हणाले. "तिला मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"उद्या मी येते," भाची म्हणाली. "नियमाप्रमाणे दुसरं माणूस."

रविवारी भाची आली, पाणी प्याली आणि जगभरच्या जंगलांपासून सुरुवात केली. बाईंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"मुद्द्यावर ये," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात यांचा फोन चार्जिंगला लावताना मी फोटो बघितलेत. एक फाटक ओळखीचं निघालं, मग दुसरं. सगळी माझ्या मुलींची घरं. आणि वर तुझ्या अ‍ॅपचा मथळा, 'काढून टाकायची वेल'." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटायचं, मी सावली वाटतेय."

मीटरवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं, तुला तरी काय ठाऊक होतं?"

"वेलीचं ठाऊक नव्हतं, ते एक वेळ सोडा. पण तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होता आणि एका शब्दाने बोलला नाहीत. राग त्याचा आलाय." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि चष्मा चढवला. "किती जागा झाल्या तुमच्या?"

"त्रेसष्ट."

"काय उपयोग तुमच्या हिंडण्याचा? लिही गं तू."

आणि बाईंनी जे सांगायला सुरुवात केली, ते भाची दुपारपर्यंत लिहीतच राहिली. बाईंना नावं आठवत नव्हती, मापं आठवत होती. डावा खांदा उतरता होता ती लग्न होऊन रेल्वे स्टेशनपलीकडे गेली. कॉलर उलटी लावायची ती आता दवाखान्याच्या मागे राहते. ती मुलगी कोणाची, हे मग मीटरवाले सांगायचे, कारण त्यांना घर नंबर पाठ. दोघांची अशी जोडी जमली, की भाचीला हसू आवरेना. घरची धरून जागा भरल्या चौऱ्याण्णव. त्यातल्या तीस मीटरवाल्यांच्या वॉर्डाबाहेर होत्या, तिथे ते जन्मात पोचले नसते.

मग बाईंनी फोन हातात घेतला. पन्नाशीला आलेल्या बायका पलीकडून "हो बाई, हो बाई" करत होत्या. "नुसती ओढून काढू नकोस, खण," बाई प्रत्येकीला बजावत होत्या. "खाली बटाट्यासारख्या गाठी असतात, एकूण एक निघाली पाहिजे. अर्धवट काम मला चालत नाही, ठाऊक आहे ना?" आता बाईंनीच सांगितल्यावर कोणाची बिशाद? दोन आठवड्यांत त्र्याण्णव वेली निघाल्या.

चौऱ्याण्णवावी राहिली ती घरची. शेंगा फुटायला जेमतेम एक-दोन दिवस उरले होते. त्या सकाळी वीस-पंचवीस जुन्या विद्यार्थिनी फावडी-टिकाव घेऊन आल्या, अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. गप्पा अशा रंगल्या, की खणायला आल्यात की वर्गाला, तेच कळेना. भाचीने नोंदीसाठी फोन काढला. बाईंनी तो तिच्या हातातून घेतला.

"हे रीडिंग माझं," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोटो काढला. खिडकीवरची ती पिवळी फुलं थोडा वेळ नुसतीच बघत राहिल्या. मग एकेक अक्षर शोधत शेऱ्यात लिहिलं: 'मूळ वेल. मी लावली, मीच वाटली. चूक माझी.'

मीटरवाले खांद्यावरून वाचत होते. त्यांनी फोन आपल्याकडे घेतला. एकतीस वर्षं पाळलेला ऑफिसचा नियम त्या दिवशी त्यांनी मोडला, आणि बायकोच्या शेऱ्याखाली आपला शेरा टाकला: 'चूक दोघांची. पाणी रोज मी घालत होतो.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग टिकाव उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः फावडं घेतलं.