ज्वारीच्या दारूसाठी मुंबई

कोतवालीच्या शिपायांनी माझी भट्टी फोडली, त्याच दिवशी मी मुंबईला जायचं ठरवलं. आमचं कसबा पेठेतलं कलालाचं घर. नवऱ्यामागे दारू मीच गाळायचे. पुण्यात बंदी आली तसे दीर म्हणाले, "वहिनी, आता शिरका विका." मला लोणच्यात घालायचा आंबट शिरका विकायचा नव्हता. हसन नावाच्या एका ओळखीच्या खलाशाकडून ऐकलं होतं की चिनी लोक ज्वारीची दारू गाळतात. आम्हाला मोह आणि गूळ ठाऊक. भाकरीच्या धान्याची दारू कशी होते, ते मला बघायचं होतं.

बैलांच्या तांड्याबरोबर निघाले. तुम्ही जाल तेव्हा बोरघाट सकाळीच उतरा, दुपारी दगड तापतात. पनवेलला मचव्यात बसण्याआधी जेवू नका. मी सुकटीची आमटी आणि भात चापला आणि सगळं समुद्राला परत केलं.

मुंबईच्या बंदरात हसनने मला चीनहून आलेल्या जहाजावरच्या आचाऱ्याकडे नेलं. त्याने वाटीत दारू ओतली. दिसायला पाणी, घशात जाळ, आणि मागून पिकल्या अननसाचा वास. कृती तो सांगत होता, हसन मला समजावत होता. ज्वारी वाफवायची, बुरशी धरलेल्या गव्हाच्या विटेचा चुरा मिसळायचा, खड्ड्यात पुरायची, मग गाळायची.

"पाणी न घालता?" मी म्हटलं. "सडेल की."

आचारी हसला. हसन म्हणाला, "तो म्हणतो, नीट सडवणं हेच तर काम."

निघताना आचाऱ्याने एक मडकं दारू आणि तसली एक वीट दिली.

परतताना लकडी पुलाच्या अलीकडे चौकीवरच्या कारकुनाने मडकं हुंगलं. "बाई, गंगाजल का?"

"दारू आहे."

"पुण्यात बंदी आहे, ठाऊक नाही?"

"माझी भट्टी फोडलीत, ठाऊक कसं नसेल? पण हे पुणं आहे का?"

त्याने पुलाकडे पाहिलं. "पुणं पलीकडे."

मी तिथेच झाडाखाली बसले, तांड्यातल्या माणसांना हाक मारली आणि त्याच्यादेखत आम्ही मडकं संपवलं. विटेला बंदी नव्हती.

"पुलावरून पडू नका," तो म्हणाला.

"आपण काळजी करू नये," म्हटलं, आणि सरळ चालत पूल ओलांडला.

घरी आल्यावर परसात खड्डा खणायला घेतला. दीर घाबरले. "वहिनी, पुन्हा येतील ते."

येऊ देत. त्यांनी तांब्याची भांडी फोडली, ती पुन्हा घडवून घेता येतील. मी जे शिकून आले, ते फोडायला त्यांच्याकडे हातोडा नाही. खड्ड्यात काय पुरलंय असं विचारलं, तर खरं तेच सांगेन: ज्वारी सडवतेय.