गाठीला हात लावायचा नाही

आमच्या गल्लीत सतरा घरं होती आणि टाय एक होता. त्या टायची गाठ मी सोडली.

गोष्ट अंबरनाथची, साधारण दोन हजार पाच-सहाची. त्या वेळी आमच्याकडे जो उठेल तो कॉम्प्युटरमध्ये जात होता. कोणी डिप्लोमा करत होता, कोणी एमसीए, कोणी उल्हासनगरच्या क्लासमध्ये तीन महिन्यांत 'जावा' शिकून येत होता. अभ्यासाला कोणी कमी पडत नव्हतं. अडायचं ते इंटरव्ह्यूच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर: 'फॉर्मल ड्रेसमध्ये यावे.' शर्ट-पँट शिवून घेता येई, बूट मागून आणता येत. पण टाय? आणला तरी बांधणार कोण? आमच्या बापांनी गळ्यात कारखान्याच्या ओळखपत्राशिवाय दुसरं काही कधी घातलेलं नव्हतं.

तो एकुलता एक टाय प्रभामावशींकडे असायचा. त्यांचा नितीन म्हणजे गल्लीतला पहिला सॉफ्टवेअरवाला. त्याने उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या लच्छूशेठच्या दुकानातून निळा, बारीक ठिपक्यांचा टाय घेतला होता आणि दुकानातच तो बांधून त्याच्या गळ्यात घालण्यात आला होता. नितीनदादा बंगळूरला गेला, टाय मागे राहिला. गाठीसकट. मावशींनी तो कपाटाच्या दारामागे खिळ्याला टांगला. ज्याचा इंटरव्ह्यू असेल त्याने यायचं, गाठ थोडी सैल करून डोकं आत घालायचं, गाठ वर सरकवायची आणि जायचं. आल्यावर उलट. पाच वर्षांत नऊ पोरं त्या फासातून गेली आणि सात जणांना नोकरी लागली. (उरलेल्या दोघांनी म्हणे टाय घालूनच वडापाव खाल्ला होता.)

टाय देताना मावशींची अट ठरलेली. "जेवताना काढायचा. आणि गाठीला हात लावायचा नाही."

माझा इंटरव्ह्यू मंगळवारी नवी मुंबईत, महापेच्या एका कंपनीत होता. सोमवारी दुपारी मी टाय घरी आणला, घातला, आरशात चारही बाजूंनी स्वतःला बघितलं, काढला आणि मग ती गाठ न्याहाळत बसलो. मी नुकताच एमसीए झालो होतो, आणि नुकताच शिकून बाहेर पडलेला माणूस घरातल्या वस्तूंसाठी फार धोकादायक असतो. मला वाटलं, नऊ पोरं पाच वर्षं एका गाठीवर जगतात आणि एकालाही ती समजून घ्यावीशी वाटत नाही? मी सोडून बघतो, पायऱ्या लिहून काढतो आणि सतरा घरांत त्याच्या झेरॉक्स वाटतो! चुकलंच काही तर मागे येता येतंच की. कॉम्प्युटरसमोर तीन वर्षं काढलेल्या माणसाची अशी समजूत होते की जगात सगळीकडे मागे येता येतं.

मी बारीक टोक धरून ओढलं. सुर्रकन आवाज झाला आणि माझ्या हातात एक लांबलचक निळी पट्टी आली. पायऱ्या वगैरे काही दिसल्याच नाहीत.

पहिली पंधरा मिनिटं मी शांतपणे प्रयत्न केला, पुढची पंधरा घाम पुसत. आई आतून बाहेर आली तेव्हा माझा चेहरा लाल झाला होता आणि एक गाठ मानेवर अशी बसली होती की ती सुटेना. आईने आधी ती सोडवली, मग काय झालं ते ऐकून घेतलं, मग उठून पुढचं दार लावून घेतलं. प्रभामावशींचं घर बरोबर समोर होतं.

आईला दोन गाठी येत होत्या, परकराच्या नाडीची आणि बोचक्याची. दोन्ही करून झाल्या. बोचक्याची गाठ त्यातल्या त्यात भरदार होती, पण त्यात मी इंटरव्ह्यूला निघाल्यासारखा दिसत नव्हतो, कोणीतरी मला बांधून पाठवल्यासारखा दिसत होतो.

पहिली पाळी संपवून पप्पा आले. पप्पा कारखान्यात फिटर. तीस वर्षं मशीन खोलण्यात आणि जोडण्यात गेलेली. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "प्रशांत, मशीन बंद पडलं होतं का?"

"नाही."

"चालू होतं?"

"हो."

"मग खोललं कशाला?"

(हा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही. ऑफिसात दर शुक्रवारी संध्याकाळी मी चालू सॉफ्टवेअरला हात लावला की कोणीतरी तो मला विचारतं.)

मग पप्पांची नजर भिंतीवर गेली. तिथे तसबीर होती. कोणाची, ते आमच्याकडल्या कोणाला सांगावं लागत नाही. निळा सूट, हातात पुस्तक, आणि गळ्यात नीट बांधलेला टाय. जन्मल्यापासून मी ती रोज बघत होतो, पण त्या गाठीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. पप्पांनी हात जोडले, चष्मा लावला आणि स्टुलावर चढले. वरून एकेक सूचना येऊ लागली. खाली निमुळतं आहे. वर रुंद. डावीकडून एक घडी येते. मी खाली तसं तसं करत होतो. तासाभराने पुढून बरी दिसणारी एक वस्तू तयार झाली आणि मी मान वळवताच ती घरंगळून पोटावर आली. अडचण साधी होती. तसबिरीत आउटपुट दिसत होतं, सोर्स कोड नव्हता.

"हे एवढे शिकले," पप्पा स्टुलावरून उतरत म्हणाले, "तर टायसुद्धा कोणाकडून तरी शिकलेच असतील. सकाळी लच्छूशेठकडे जाऊ."

मंगळवारी पप्पांनी रजा टाकली. साडेआठला आम्ही कॅम्प एकमध्ये. दुकान बंद. शेठ वरच राहत होते, ते बनियनवर खाली आले. पप्पांनी सगळी हकीकत सांगितली. शेठनी टाय हातात घेऊन प्रेमाने कुरवाळला.

"साईं, वो तो मेरा बड़ा भाई बांधता था. अभी वो जयपुर में है, बेटी के पास."

"आप को नहीं आता?"

"मैं बेचता हूँ, पहनता थोड़े ही हूँ!" शेठ बनियन दाखवत म्हणाले.

पण माणूस मदतीला कमी नव्हता. त्यांनी लगेच जयपूरला फोन लावला. भाऊ तिकडून सिंधीत सांगत होता, शेठ त्याचं हिंदी करत होते, पप्पा त्याचं मराठी करून माझ्या गळ्याशी अमलात आणत होते. लांब बाजू आखूड बाजूवरून जाऊन खालून वर येईपर्यंत पप्पांचं डावं मनगट आत अडकलं. ते सोडवण्यात नऊ वाजले. शेवटी शेठ फळीवर चढले आणि शाळेच्या गणवेशांच्या ढिगातून एक टाय घेऊन उतरले. मरून रंग, पिवळे पट्टे, मधोमध मशालीचं बोधचिन्ह, मागे इलॅस्टिक. सातवीच्या मापाचा!

"गांठ पक्की है. फैक्टरी की है," शेठ म्हणाले. "नौकरी लगे तो पेढ़ा लाना."

तो माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी संपत होता. पप्पांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि "चांगला दिसतोस" म्हणाले. लहानपणी मी काढलेल्या हत्तीला ते याच आवाजात चांगला म्हणाले होते.

महापेला पप्पा गेटवरच्या वॉचमनशेजारी बसले आणि मी आत गेलो. समोर एक मॅडम आणि एक पिकल्या केसांचे सर. दोन प्रश्न चांगले गेले. तिसरा लिंक्ड लिस्टवर आला आणि मी अडखळलो. अडखळलो की कॉलरशी बोट घालायची मला सवय. बोट गेलं, टाय पुढे आला, हातभर ताणला गेला आणि सुटला. फट्!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सर पुढे वाकले.

"ही शाळा कुठली?" त्यांनी मराठीत विचारलं.

"माहीत नाही, सर."

यानंतर खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. मावशींचा खिळा, सुर्रकन झालेला आवाज, स्टूल, जयपूर. मॅडम तोंडावर फाइल धरून बसल्या होत्या. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, आता तुझा पुढचा विचार काय? आज कोणी विचारलं तर मी टीमवर्कपासून रिस्क मॅनेजमेंटपर्यंत अर्धा तास बोलेन. तेव्हा मला खरं तेच सुचलं. म्हणालो, "परवा आमच्या जवळच्या चामटोली गावच्या सचिनचा इंटरव्ह्यू आहे. तो आमचा अकरावा. त्याला मी काय देऊ, तेच कळत नाहीये."

सरांनी माझा बायोडाटा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आणलायस का तो?"

मी खिशातून निळी पट्टी काढली. सरांनी ती स्वतःच्या गळ्याभोवती टाकली, खिडकीकडे बघत बोलता बोलता चार हालचाली केल्या, गाठ सैल करून टाय डोक्यावरून काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "आता उघडू नकोस." मग तोच लिंक्ड लिस्टचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मला तो आला.

गेटवर पप्पांनी नोकरीच्या आधी टायचं विचारलं. त्यांनी गाठ तीन बोटांत धरली, बेअरिंग धरतात तशी, टाय पिशवीत ठेवला आणि घरी येईपर्यंत ती पिशवी कोणाच्या हातात दिली नाही.

घरी येऊन चहा झाला. पप्पांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, वर टाय ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि गाठीला हात घातला.

मी किंचाळलो, "पप्पा, नको!"

"तू ओढली होतीस," ते वर न बघता म्हणाले. "मी खोलतोय."

एक घडी सैल करायची, थांबायचं, कागदावर चित्र काढायचं, नंबर टाकायचा. मग पुढची घडी. पाच चित्रं झाली. मग तो कागद उलटा वाचत पाचाकडून एकाकडे. पहिल्यांदा गाठ तिरकी आली, दुसऱ्यांदा बरी, दिवेलागणीपर्यंत ते न बघता बांधत होते. शेवटची त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधली, कारखान्याच्या खाकी शर्टावर, आणि तसबिरीखाली ताठ उभे राहून आईला विचारलं, "जमलं का गं?" आई हसायला लागली. मग पदराने तोंड पुसत आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवारी टाय परत करायला पप्पाच गेले. प्रभामावशींनी तो उजेडात धरला आणि गाठ जरा डावीकडे आहे म्हणाल्या. पाच वर्षं त्या गाठीकडे बघून त्यांनी पोराचे दिवस मोजले होते, त्यांना कळणारच होतं. पप्पांनी काही लपवलं नाही. मावशी बराच वेळ गाठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"म्हणजे आता तुम्हाला येते?"

"येते."

"मग खिळा तुमच्याकडे ठोका," मावशी म्हणाल्या. "पोरं चुकून सोडतील, तिथे बांधणारा हवा."

गुरुवारी सचिन आमच्याकडून तयार होऊन गेला. त्यानंतर कितीजण गेले ते आम्ही मोजलं नाही. बदलापूरपर्यंतची पोरं आपापला टाय घेऊन यायची आणि पप्पांसमोर मान वर करून उभी राहायची.

नोकरी मला लागली. लच्छूशेठना पेढे पोचले. पहिल्या दिवशी पप्पांनी बांधून दिलेला नवा टाय घालून मी ऑफिसात शिरलो. सगळे टी-शर्टात, एकजण तर चपलांत. अख्ख्या मजल्यावर टाय घातलेले दोघंच होतो, मी आणि वॉचमन. त्याचा इलॅस्टिकचा होता.

आता माझ्या हुद्द्यात 'आर्किटेक्ट' असा शब्द आहे, आणि टाय मला अजून बांधता येत नाही. लग्नातसुद्धा पप्पांनीच बांधला. त्यांचा तो पाच चित्रांचा कागद मात्र मी लॅमिनेट करून ठेवलाय. त्यात पहिल्या चित्राच्याही वर, फिटरच्या सुबक अक्षरात, सूचना लिहिलेली आहे: 'मशीन चालू आहे का ते आधी पाहावे. चालू असल्यास प्रशांतला लांब ठेवावे.'