प्रमोदची हजेरी

प्रमोद गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. आमच्या जुन्या कंपनीतल्या लोकांचा ग्रुप आहे, एरवी त्यावर वाढदिवस आणि सुविचार चालतात. कर्वेनगरच्या ऑफिसात मी दुपारचा डबा उघडत होतो. बातमीखाली दोन मिनिटांत हात जोडलेल्यांची रांग लागली. मी एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. "अरे, अकरा महिने किमो चालू होती," तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुला तर सगळ्यांत आधी सांगितलं असेल त्यानं." मला सांगितलं नव्हतं. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, काही जण भेटूनही आले होते... आणि नऊ वर्षं ज्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो, त्यानं मला एका शब्दानं कळवलं नाही. खरं सांगतो, दुःखाच्या आधी राग आला. फसवल्यासारखं वाटलं. आता दीड महिना झाला. तो राग पुरता गेलेला नाही. त्यावर माझा हक्क होता का, एवढंच तपासून पाहतोय.

प्रमोद गजभिये मूळचा नागपूरकडचा, विश्रांतवाडीत स्थायिक झालेला. आम्ही एका छोट्या कंपनीत बिनतारी सेन्सर बनवायचो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी यंत्रं, हवेतलं तापमान आणि ओलावा मोजणारी, एकमेकांमार्फत मुख्य पेटीपर्यंत निरोप पोहोचवणारी. गिऱ्हाइकांशी मी बोलायचो, प्रोग्राम तो लिहायचा. वीज वाचवणं हे त्याचं वेड होतं. प्रत्येक यंत्रात दोन सेल, त्यांवर वर्षाच्या वर काढायचं. "मोजायला काही लागत नाही बे," तो म्हणायचा, "बोलायला लागते. आणि नुसतं कान देऊन बसायलाही तेवढीच लागते. म्हणून झोपवायचं त्यांना." यंत्रं दर काही मिनिटांनी क्षणभर जागी व्हायची, मोजायची, पुन्हा झोपायची. कोणी कधी जागं व्हायचं हे तो वहीत पेन्सिलीनं आखायचा, शाळेच्या वेळापत्रकासारखं. मुख्य पेटीजवळच्या यंत्राची त्याला सर्वांत जास्त काळजी. मागच्या सगळ्यांचे निरोप त्याच्यातून पुढे जायचे, त्यामुळे त्याचेच सेल आधी संपायचे. मी एकदा म्हटलं, "एवढी काळजी वहिनींची घेतोस का?" मान वर न करता म्हणाला, "तिचे सेल संपत नाहीत, बाप्पा. माझेच संपतात."

मग शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेचं काम आलं. हरितगृहात जरबेराची कोवळी रोपं होती. मी पहिल्याच बैठकीत मालकांना सांगून बसलो की दोन वर्षं सेल बदलावे लागणार नाहीत. प्रमोदच्या अंदाजानं पंधरा महिने निघत होते. तापमान ठरल्या मर्यादेबाहेर गेलं की यंत्रानं निरोप पाठवायचा होता. शिवाय काहीही घडलं नाही तरी दर तासाला प्रत्येकानं 'मी आहे' एवढं कळवायचं होतं. त्याला प्रमोद हजेरी म्हणायचा. मी म्हटलं, हजेरी काढून टाक.

"काहून?"

"काही बिघडलं तर ती सांगतीलच की. गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक आहे."

"गप्प आहेत म्हणजे गप्प आहेत. मेलेलंही गप्पच असते."

"अहो गजभिये, मी शब्द देऊन आलोय. काढा आपण."

वाद संपवायचा असला की मी त्याला अहो-जाहो करायचो. त्यानं चष्मा पुसला आणि हजेरी काढली.

पुढच्याच उन्हाळ्यात, जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये, हरितगृहाचे पंखे बंद पडले. आमच्या यंत्रांच्या भरवशावर मालकांनी माणसांना गावी जाऊ दिलं होतं. मुख्य पेटी फाटकाच्या खांबावर होती, आणि तिच्याजवळचं यंत्र त्याच्या आधीच कधीतरी संपलं होतं. त्यामुळे मागच्या सगळ्यांची वाटच तुटलेली. आतली यंत्रं निरोप पाठवत राहिली असणार... आमच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार. चौथ्या दिवशी मालकांचा फोन आल्यावर आम्ही गेलो तेव्हा रोपांच्या ओळी कागदासारख्या वाजत होत्या. प्रमोदनं फाटकाजवळच्या यंत्रातले सेल काढून खिशात टाकले.

बैठकीत आमच्या साहेबांनी विचारलं, "हजेरी काढायचं कोणी ठरवलं?" प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्रोग्राम प्रमोद लिहितो." वाक्य खरं होतं, म्हणूनच इतक्या सहज तोंडातून गेलं. तो पाहतच राहिला. साहेब आणखी काही विचारतील, मग सांगू, असं मी मनात म्हणत होतो. त्यांनी विचारलं नाही. महिन्याभरात प्रमोदला राजीनामा द्यावा लागला. नंतर दर दिवाळीला मी त्याला शुभेच्छा पाठवायचो, त्याच्याकडून हात जोडलेलं चित्र यायचं. गेल्या दिवाळीला तेही आलं नाही. मी धरून चाललो, ठीक असेल.

तो गेल्याचं कळल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेलो. सुनंदावहिनींनी चहा केला. न राहवून मी विचारलं, "मला का नाही कळवलंत?"

"मी म्हटलं होतं यांना, केळकरांना सांगू. तर म्हणाले, आठवण आली की करेल तो फोन." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "नाही आली वाटतं तुम्हाला."

त्याची मुलगी प्राची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. खिडकीजवळच्या त्याच्या टेबलावर ती काचेची एक बरणी रिकामी करत होती. बरणीत सगळे संपलेले सेल, प्रत्येक जोडीला चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी, त्यावर पेन्सिलीनं जागा आणि दोन तारखा : सुरू, बंद.

"काका, एवढी एकच जोडी बाबांनी अर्धी सोडलीय. 'रोपवाटिका, फाटकाजवळ.' ही कधी बंद पडली?"

"ते कोणालाच माहीत नाही."

"असं कसं?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या.

"कळायची सोय होती. तुझ्या बाबानं केली होती. मी ती काढायला लावली... तो नको म्हणत होता. बैठकीत मी हे सांगितलं नाही."

"पण बाबा तर म्हणायचे, माझी चूक झाली."

त्यानं घरातसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं.

प्राची रागावली नाही, रडली नाही. तिनं ती जोडी माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "मग लिहा तुम्ही." चिठ्ठी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नव्हती. 'बंद'च्या पुढे माझं नाव तेवढं मावलं. बाकीचं इथे लिहिलं आहे.