साडीभर माझी सही

मला कॉलेजनं फसवलं. शेठनं नाही. शेठनं फक्त ते चारचौघांत उघडं पाडलं.

चित्रकलेची पदवी घेऊन बमरोलीतल्या एका साडीच्या कारखान्यात डिझाइन काढायला लागलो. पहिलंच डिझाइन. फुलं काढली, आणि उजव्या कोपऱ्यात पानांच्या आड सही केली. कॉलेजात तेच शिकवलं होतं, सहीशिवाय चित्र पुरं होत नाही. कॉम्प्युटरवाल्याच्याही नजरेतून ती सुटली. छपाईत एकच चौकट कापडभर पुन्हा पुन्हा येते. त्याला रिपीट म्हणतात. मला ते माहीत नव्हतं. अख्ख्या मालावर हात-हातभर अंतरानं माझं नाव छापून आलं.

शेठनं कापडाचा ताका उलगडला. "पढ. जोर से पढ."

वाचलं.

"आगे भी लिखा है. वो कौन पढेगा?"

ताका संपेपर्यंत स्वतःचंच नाव वाचत राहिलो. घडी घालणाऱ्या बायका हसत होत्या. एक म्हणाली, "चला गं, आता याचं नाव नेसा."

वडिलांची हयात मिलमध्ये छपाईच्या टेबलावर गेली. जेवताना ते एवढंच म्हणाले, "कापडले कोपरा नही ऱ्हास, भाऊ."

कापडाला कोपरा नसतो. हे बापाला माहीत, आणि कॉलेजात एकालाही माहीत नव्हतं? पहिल्या वर्षी मीच सरांना विचारलं होतं, छपाईचं कधी शिकवणार. सर म्हणाले, "ते तुझ्या वडिलांचं काम. तू कलाकार व्हायला आलायस ना?" वर्ग हसला. मीही हसलो. बापावर हसलो.

पुढं वडिलांकडूनच रिपीट शिकलो. बाजारात घासाघीस करत स्वतःचं दुकान मांडलं. एकदा एका व्यापाऱ्यानं जुनी डिझाइनं दाखवली. चौकटीला चौकट जोडल्याचा सांधा कुठं कळत नव्हता. "आपके कॉलेजवाले साहब का हाथ है. बरसों से देते हैं," तो म्हणाला. आमचे तेच सर. एकाही डिझाइनवर सही नव्हती.

म्हणजे माहीत होतं. आम्हाला कळू द्यायचं नव्हतं. बाजारात आम्ही उतरलो असतो तर त्यांच्याकडं डिझाइन घ्यायला कोण आलं असतं?

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. तेव्हा 'तू' होतो, आता 'तुम्ही' झालो. "प्रवेश सुरू आहेत. पालकांना दोन शब्द सांगा. कॉलेजनं तुम्हाला घडवलं, एवढंच."

"येतो. वडिलांना घेऊन येतो. ते टेबल लावतील, रिपीट शिकवतील. तुम्ही पोरांसोबत खाली बसा."

"अभ्यासक्रमात ते बसत नाही हो."

"तुमच्या धंद्यात बसतं?"

फोन ठेवला त्यांनी.

माझं नाव दाखवून आणखी पोरं फसवू देणार नाही. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या दारात उभा राहणार आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक बापाला थांबवून सांगणार आहे. सर, जे स्वतः विकलंत ते आम्हाला का नाही शिकवलंत? त्या बापांसमोर बोला. मला हटवायला शिपायाला पाठवू नका. तुम्ही बाहेर या.